खरं बोलणारी धाकटी बहीण

"हिला खाली का बसवलंय?"

बाईंनी हे मला विचारलं. ताईला नाही, आईलाही नाही. आई गॅसपाशी उभी होती. ताई मागच्या दाराशी कार्पेटच्या तुकड्यावर मांडी घालून वरणभात खात होती. आणि कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, सोशल वर्करबाई आमच्या एवढ्याशा किचनच्या मधोमध, अंगातला कोट न काढता, हातात वही धरून उभ्या. मी नुकतीच शाळेतून आले होते. टायसुद्धा सोडला नव्हता. चौदा वर्षांची होते मी.

"माझ्या घरी तिथं कुत्र्याचं भांडं असतं," बाई म्हणाल्या आणि हसल्या. आम्हांला वाईट वाटू नये म्हणून हसल्या असाव्यात.

आईनं विचारलं, "काय म्हणतीय गं ती?"

मी म्हणाले, "काही नाही."

ताईला पाळी आली होती. आमच्याकडे त्याला कावळा शिवला म्हणतात. चार दिवस बाजूला बसायचं, वेगळं ताट, वेगळा तांब्या, देवाला आणि लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली की संपलं. साताऱ्याकडची ही रीत आईनं विमानातून आणली होती. इथं इंग्लंडला आल्यावर तिनं बरंच काही सोडलं. स्वतः तर बेकरीत पाव भरायला जायची, तिथं कुठला कावळा आणि कुठलं काय. पण घरात आम्हां पोरींचा मागच्या दाराजवळचा कोपरा काही सुटला नाही. मला तो कोपरा विषासारखा वाटायचा. मी पोट दुखतं म्हणून वर खोलीतच पडून राहायची. ताईला मात्र तो आवडायचा. चार दिवस भांडी नाहीत, झाडू नाही, चहा हातात. आणि तो कोपरा तिचा होता. कधी बसायचं आणि कधी उठायचं हे तिचं तीच ठरवायची.

कसं ठरवायची ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. लंडनमधल्या वेम्बलीच्या एका वाणसामानाच्या दुकानातून दरवर्षी आमच्याकडे लक्ष्मीचं कॅलेंडर यायचं. ते त्या कोपऱ्याच्या वर भिंतीला होतं. ताईला तारखा वाचता यायच्या नाहीत; आई रोज सरलेल्या दिवसावर काट मारायची, त्यावरून तिला आजचा चौकोन कळायचा. पण पाळी आली की ती कपाळावरची टिकली काढून त्या दिवसाच्या चौकोनात चिकटवायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. चार टिकल्या झाल्या की अंघोळ, नवी टिकली कपाळाला, आणि "झालं!" म्हणून ओरडायची. पुढच्या महिन्याचं पान उलटलं की मागच्या टिकल्यांवर बोट ठेवून आईला सांगायची, आता येईल. यायचीच. आपले कपडे ती आपण धुवायची. वाळत घालताना वरून टॉवेल टाकायची. हे तिला आईनं एकदाच दाखवलं होतं. मला दहादा सांगावं लागलं होतं.

ताई स्पेशल स्कूलमध्ये होती. सतरा वर्षांची. तिच्या जन्माच्या वेळी आई दोन दिवस अडली होती, नाळ गळ्याभोवती, आणि आईचं मराठी वॉर्डात कुणाला कळेना. त्यातून ताई वाचली. बोलणं कमी, समज सावकाश. पण समज होती.

त्या आठवड्यात शाळेच्या बसमध्ये वर्गातल्या एका मुलाचा हात धरून ती बसलेली कुणाला तरी दिसली होती. त्यानं तिच्या गालाचा मुका घेतला होता म्हणे. एवढंच. तेवढ्यावर कौन्सिलची बाई आमच्या किचनमध्ये आली होती.

बाई गुडघे वाकवून ताईपाशी बसल्या. "तुला काय झालंय, डिअर? तू इथं का बसलीस?"

ताईनं खुशीत सांगितलं, "कावळा शिवला." आणि भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडरकडे. तिथं दोन टिकल्या होत्या. लाल.

बाई माझ्याकडे वळल्या. आता मी सांगायचं होतं. आमच्या त्या गावात, कॉव्हेंट्रीपासून बसनं अर्ध्या तासावर, मराठी घरं चारच. कौन्सिलकडे पंजाबी दुभाषी होता, गुजराती होता. मराठी म्हणजे मी. पत्र आलं मी, डॉक्टर आला मी, वीजमंडळाचा माणूस आला मी. आबा, आमचे वडील, अभिमानानं म्हणायचे, आमची धाकटी बॅरिस्टर आहे.

मी काय सांगणार होते? की आम्ही बाई विटाळशी झाली की तिला कोपऱ्यात बसवतो? की पक्षी शिवतो असं म्हणतो? या बाईंना? ज्यांच्या डोक्यात आधीच कुत्र्याचं भांडं होतं? उद्या हे शाळेत कळलं तर? माझी मैत्रीण एकदा घरी आली होती तेव्हा मी ताईला कोळशाच्या शेडमध्ये लपवलं होतं, दहा मिनिटं. अशी मी. मला आमच्या रीतीची लाज, आमच्या वासाची लाज, आणि सगळ्यात जास्त ताईची लाज.

मी म्हणाले, "तिला काही कळत नाही. ती सगळीकडे घाण करते. म्हणून आम्ही तिला तिथं ठेवतो."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे. वाक्य सरळ निघालं. सुंदर इंग्रजीत निघालं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यू आर अ व्हेरी ऑनेस्ट गर्ल," म्हणाल्या.

मला बरं वाटलं. हे लिहू नये असं वाटतं, पण लिहिते. मला बरं वाटलं.

मग हॉस्पिटल. तिथले मोठे डॉक्टर ताईला तपासून झाल्यावर तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलले. "आई-वडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का?" आई आबांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी हक्कानं मागतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी हो म्हणाले. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्या पाहण्यात आमचं अख्खं कूळ बसलं, साताऱ्यापासून सगळं. नाळेचं कुणी विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, नळ्या बांधून टाकू. छोटं ऑपरेशन. जिला पाळी सांभाळता येत नाही ती मूल काय सांभाळणार? अठराची व्हायच्या आत करायला हवं, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागेल, ती कौन्सिल घेईल.

मी आईला सांगितलं. आईनं ताईच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आणि उद्या हिचं लगीन झालं तर? विचार की त्यांना. मग काय करायचं?"

मी विचारलं नाही. ताईचं लग्न! त्या खोलीत, त्या माणसांपुढे, ते वाक्य इंग्रजीत बोलायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "आईला काही विचारायचं नाही."

आबा म्हणाले, "शिकलेली माणसं आहेत. त्यांना कळतंय." कार फॅक्टरीत बावीस वर्षं फोरमनचं ऐकलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार.

पुढचं लंडनला झालं. कोर्टानं ताईला कागदोपत्री आपल्या ताब्यात घेतलं, म्हणजे तिचं भलं कशात आहे ते आता आई-आबांनी नाही, जजनी ठरवायचं. ताईच्या बाजूनं सरकारनं एक वकील नेमला. तो एकदा घरी आला, चहा प्याला, माझ्याशी बोलला आणि गेला. ताईला लंडनला कुणी नेलं नाही. मलाही नाही. माझं वाक्य एकटंच गेलं.

ताईला आम्ही सांगितलं, पोटात खडा झालाय, तो काढायचाय. ती घाबरली नाही. हॉस्पिटलमध्ये जाताना टिकल्यांचं पाकीट बरोबर घेऊन गेली. परत आली तेव्हा पोटावर दोन बारीक टाके होते. पुढच्या महिन्यात तिला पाळी आली. यायचीच होती, नळ्या बांधल्यानं पाळी थांबत नाही. ती कोपऱ्यात जाऊन बसली, भिंतीवर टिकली लावली. चार झाल्यावर अंघोळ केली आणि "झालं!" म्हणून ओरडली. जे हिला जमत नाही म्हणून हिचं पोट बंद केलं, ते ती दर महिन्याला आमच्या डोळ्यांसमोर करत होती. आई पाहत होती. मी पाहत होते. 

मी शिकले. आबांच्या तोंडात साखर पडली, मी खरंच लॉला गेले. लंडनला कॉलेज, वेम्बलीत एका मराठी मावशींकडे खोली. ताईचा विषय कुणी काढला तर मी म्हणायची, मला भावंडं नाहीत. सोपं होतं. सहा वर्षांत सवय झाली होती.

एका मंगळवारी आमच्या ट्यूटरनी वर्गात एक निकाल वाटला. फॅमिली लॉ. झेरॉक्सची सहा पानं. "हे गद्य वाचा," ते म्हणाले. "या देशातल्या सर्वांत दयाळू लेखणीचं गद्य." तो जज सगळ्यांना माहीत होता. त्यांची पुस्तकं आमच्या यादीत होती, त्यांच्या नावाचं एक व्याख्यान होतं, त्यांचा फोटो लायब्ररीच्या जिन्यात होता. ट्यूटरनी आधी अमेरिकेतल्या एका जुन्या, नावाजलेल्या न्यायमूर्तीची गोष्ट सांगितली. मंदबुद्धी ठरवलेल्या बायकांची पोटं सक्तीनं बंद करण्याचा कायदा त्यांनी उचलून धरला होता, का तर अशांची पैदास वाढू नये म्हणून. वर्गानं नाकं मुरडली. ट्यूटर म्हणाले, "आपल्याकडे तसं नाही. आपले जज पहिल्याच पानावर म्हणतात की इथं वंशशुद्धीचा प्रश्नच नाही. इथं फक्त त्या मुलीचं हित आहे."

मी पान उलटलं. मुलीचं नाव नव्हतं, एक अक्षर होतं. के. सतरा वर्षांची. मिडलंड्स. आमचाच भाग. पालक मूळचे भारतीय, एकमेकांचे नातलग. प्रश्नच नाही म्हणता, मग ही ओळ कशाला लिहिलीत? असं माझ्या मनात आलं आणि तेवढ्यात पुढची ओळ दिसली.

कुटुंबातली धाकटी बहीण, हुशार आणि सोशल वर्करच्या मते अत्यंत खरं बोलणारी मुलगी, सांगते की के हिला आपल्या शरीरात काय होतं हे कळत नाही. ती सगळीकडे घाण करते. तिला दाराशी जमिनीवर ठेवावं लागतं. हा पुरावा मला निर्णायक वाटतो.

निर्णायक.

मी ते पान तळहातानं झाकलं.  वाटलं, आत्ता सगळ्यांना कळणार. चोराच्या मनात चांदणं. कुणाला काय कळणार होतं? ट्यूटर माझ्याकडेच वळले. "तुमच्या समाजात अशा मुलींना कसं वागवतात यावर तू काही सांगशील?" वर्ग माझ्याकडे पाहू लागला. पुन्हा मी दुभाषी. पुन्हा तेच किचन.

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

पुन्हा नाकारलं मी तिला. पहिल्यांदा निदान चौदाची होते. आता वीस वर्षांची घोडी.

लायब्ररीत बसून मी तो अमेरिकेचा निकालही काढला. छोटासा होता. तिथंही मुलीच्या बाजूचा वकील नावालाच होता म्हणे. तिथंही ती कशी आहे ते बाकीच्यांनीच सांगितलं होतं. दोन जज, मध्ये साठ वर्षं. एक उघड बोलला, एक गोड बोलला. दोघांनी मुलीला विचारलं नाही. आणि गोड बोलणाऱ्याच्या हातात काठी मी दिली होती. हे मला त्यांच्यावर ढकलता येईना. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या वर्षी कॉलेजच्या खोट्या खटल्यांच्या स्पर्धेत मी पहिली आले. बक्षीस द्यायला तेच जज आले. निवृत्त झाले होते. दुपारची वेळ, हॉलमध्ये चहा, काकडीची सँडविचं. मावशींची साडी नेसून गेले होते. ट्यूटरनी ओळख करून दिली. जजसाहेब खरंच दयाळू दिसत होते. पांढऱ्या भुवया, मऊ हात.

"घर कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मिडलंड्स."

"तसं नाही. मूळचं?"

"सातारा."

"पाहा," ते ट्यूटरना म्हणाले, "एका पिढीत कुठून कुठं येता येतं." आणि चामड्याच्या बांधणीचं जाड पुस्तक माझ्या हातात दिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानायचे होते. मी विचारलं, "सर, के नावानं जिचा निकाल दिलात, तिला तुम्ही कधी पाहिलंत?"

त्यांनी भुवया वर केल्या. मग आठवलं. "नाही. बिचारीला कोर्टात आणणं क्रूरपणाचं झालं असतं."

"मी तिची बहीण."

मला वाटलं होतं, चेहरा पडेल. तो उजळला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "ती खरं बोलणारी मुलगी! तू!"

तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. शिवी दिली असती तर सोसली असती.

"मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "तिला सगळं कळत होतं. आमची रीत तुमच्या माणसांना सांगायची मला लाज वाटली."

 जजसाहेबांनी माझा हात सोडला नाही. थोपटला. "तू लहान होतीस, माय डिअर. स्वतःला दोष देऊ नकोस. तसंही त्यानं काही फरक पडला नसता."

काही फरक पडला नसता. म्हणजे मी खरं बोलले असते तरी. टिकल्या दाखवल्या असत्या तरी. ताई स्वतः लंडनला येऊन बोलली असती तरी. निर्णायक म्हणून लिहिलंत ना तुम्ही? तो शब्द कुणासाठी होता मग? आणि हा माणूस मला माफ करत होता. ताईच्या वतीनं. तिच्या पोटाबद्दल त्यानंच ठरवलं, आता माझ्या माफीचंही तोच ठरवणार.

"माफी तुम्ही देऊ नका," मी म्हणाले. "तुमची नाही ती." हात काढून घेतला. पुस्तक सँडविचच्या ताटाशेजारी ठेवलं आणि चालू लागले. ट्यूटर दारापर्यंत मागे आले. "हे अगदी अनावश्यक होतं," हळूच म्हणाले. मी म्हणाले, "ऑपरेशनही."

खोट्याची कबुली मी शपथेवर लिहून कोर्टाला पाठवली. दोन ओळींचं उत्तर आलं. पत्र मिळालं, प्रकरण बंद झालं आहे.

मग घरी गेले. ताई तेव्हा तेवीस वर्षांची. सेंटरमध्ये जायची, लोकरीचे पायमोजे विणायला शिकली होती. एवढेसे, बाळाचे. ड्रॉवर भरला होता. आई ते दिसले की खोलीबाहेर जायची.

मी ताईसमोर जमिनीवर बसले. मराठीत सांगितलं, सोपं करून, पण काही न गाळता. पोटात खडा नव्हता. बाळ होऊ नये म्हणून कापलं. बाई आल्या होत्या तेव्हा मी म्हणाले, ताईला कळत नाही. ताईला कळत होतं. मी खोटं बोलले.

तिनं सुया खाली ठेवल्या. पोटावर हात ठेवला, बरोबर टाक्यांवर. "बाळ नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, ताई."

"तू सांगितलंस?"

"हो. मी."

मी रडायला लागले. वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. नेहमी घ्यायची. तिनं मला जवळ घेतलं नाही. उठली, मागच्या दाराजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"तू बाजूला बस. शिवू नको मला."

आई "अगं" म्हणाली. ताईनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. मी जाऊन कार्पेटच्या त्या तुकड्यावर बसले. ताईनं वेगळं ताट आणलं, वेगळा तांब्या आणला, माझ्यापुढे ठेवला. मग कपाळावरची टिकली काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर चिकटवली.

आता मी कोर्टात काम करते. ज्यांच्याबद्दल दुसरेच बोलतात त्यांच्या बाजूनं उभी राहते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिला विचारलंत का? जज वैतागतात. वैतागू देत. चौदा वर्षांचं पोर दुभाषी म्हणून आणलेलं दिसलं की मी काम थांबवते आणि त्याला घरी पाठवते. पण हे सांगून माझा कमीपणा झाकायचा नाही. मी दर महिन्याला घरी जाते आणि दाराशी जमिनीवर बसून जेवते. ताई दर खेपेला भिंतीवर एक टिकली लावते. माझे चार दिवस केव्हाच झाले. चौदा झाले, चाळीस झाले. एक पाकीट संपलं तेव्हा ताईनं आईकडून दुसरं मागवून घेतलं.

"झालं" असं ती अजून म्हणालेली नाही. ते म्हणायचा हक्क तिचा आहे, जजचा नाही, आईचा नाही, माझा तर नाहीच. तोवर मी उठणार नाही. पण गप्पही बसणार नाही. बोलायचं ते इथूनच बोलणार, आणि जे इंग्रजीत खोटं सांगितलं ते मराठीत खरं सांगणार.